किल्ली कुणाच्या नावावर?

लॅपटॉप सुरू केला आणि नेहमीच्या चित्राऐवजी निळा पडदा आला. 'बिटलॉकर रिकव्हरी की टाका,' एवढंच तो म्हणतो. ही की म्हणजे ४८ अंक, सहा-सहाचे आठ गट. पासवर्ड आठवतो, पिन आठवतो, ठसा द्यायला बोटही तयार असतं. पण त्यातलं काहीच विचारलं जात नाही. बिटलॉकर हे नाव बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतं ते याच वेळी.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला कुलूप लावणारं साधन, तसं जुनं. विंडोज व्हिस्टाबरोबर, २००७च्या सुमारास आलं, ते मुख्यतः कंपन्यांसाठी. त्याचंच सुटसुटीत रूप 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने विंडोज ८.१पासून काही घरगुती लॅपटॉपांवर आपोआप चालू होऊ लागलं, पण त्यासाठी हार्डवेअरच्या अटी कडक होत्या. २०२४च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीने त्या अटी सैल केल्या. आता नव्या यंत्रावर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा आत शिरलं की ड्राइव्हला कुलूप लागतं आणि त्याची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर २०२५ला, विंडोज १०ला मिळणारा आधार संपला आणि अनेकांना नवं यंत्र घेणं भाग पडलं.

खालच्या संवादातले मामा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर संगणक दुरुस्त करतात. भाची एका बँकेत माहितीच्या सुरक्षेचं काम बघते. दोघंही मी रचलेली माणसं; दोन्ही बाजूंची कारणं मात्र खरी आहेत. दोघांना समान पारड्यात तोलायचं व्रत मी घेतलेलं नाही.

मामा : मालकाला न विचारता त्याच्या सामानाला कुलूप लावायचं, ही कुठली रीत?

भाची : विचारलं असतं तर लावलं असतं का कुणी? नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना किती पडदे येतात बघा. भाषा, वायफाय, खातं, जाहिराती. माणूस 'पुढे', 'पुढे' दाबत सुटतो. इतकी वर्षं बिटलॉकर ऐच्छिक होतं. तुमच्याकडे आलेल्या घरगुती लॅपटॉपांत ते कधी चालू दिसलं?

मामा : होम आवृत्तीत ते नव्हतंच, चालू कुठून दिसणार?

भाची : तेच म्हणते. जास्त पैसे मोजणाऱ्याला कुलूप आणि बाकीच्यांची दारं उघडी. आता सगळ्यांना मिळालं, तर तुमची तक्रार की का दिलं! फोनवर तर हे कधीचं झालंय. आयफोनवर २०१४पासून बहुतेक डेटा पासकोडशी बांधलेला असतो, अँड्रॉइडने पुढच्याच वर्षी नव्या फोनांना एन्क्रिप्शन सक्तीचं करायला सुरुवात केली. तेव्हा तुम्ही कुठे ओरडलात?

मामा : कारण फोनवर माझा पासकोड मीच टाकतो, दिवसातून वीस वेळा. माझ्या हाताला त्याची सवय आहे. लॅपटॉपवर किल्ली आहे हे मला कुणी कळू दिलं? तिथे बोर्डावरची चिप गुपचूप कुलूप उघडते, मी आपला विंडोजचा पिन टाकून समजतो की मीच उघडलं. तीन वर्षांनी एका सकाळी ती चिप अडून बसते आणि माझ्याकडे असं काही मागते, जे मी जन्मात पाहिलेलं नाही.

इथे मामांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. ड्राइव्हवरचा डेटा एका किल्लीने बंद केलेला असतो, ती किल्ली दुसऱ्या किल्लीने, आणि ही दुसरी किल्ली टीपीएम नावाच्या चिपच्या स्वाधीन असते. यंत्र सुरू होताना फर्मवेअर, सिक्युअर बूट, बूट लोडर यांची नोंद चिपमध्ये होते. ती पहिल्यासारखी जुळली तरच चिप किल्ली सोडते. ४८ अंकांची रिकव्हरी की हा त्याच किल्लीपर्यंत जायचा दुसरा रस्ता. विंडोजचा रोजचा पिन या साखळीत कुठेच नाही. विंडोज उठल्यावर त्याची पाळी येते आणि निळा पडदा येतो त्याच्या आधी. म्हणून पिन पाठ असणारा माणूसही बाहेरच राहतो.

भाची : मान्य, सवय नसते. पण चिप उगाच अडत नाही. काहीतरी बदललेलं असतं.

मामा : काय बदललं ते मालकाला ठाऊक असायला हवं ना! जुलै २०२४च्या विंडोज अपडेटनंतर काही यंत्रांनी की मागायला सुरुवात केली, हे मायक्रोसॉफ्टनेच कबूल केलं आणि ऑगस्टमध्ये दुरुस्ती सोडली. मे २०२५मध्ये विंडोज १०च्या अपडेटने काही इंटेल यंत्रांवर तेच झालं. मालकाने ना झाकण उघडलं, ना बोर्ड बदलला. अपडेट लावा म्हणणारे तेच, आणि लावल्यावर ओळख विचारणारेही तेच.

भाची : त्या चुकाच होत्या. मी त्यांची वकिली करत नाही. पण अपडेट बिघडतं म्हणून कुलूपच नको, हा न्याय मला कळत नाही.

मामा : मग बोर्ड बदलल्याची गोष्ट ऐक. मस्जिद बंदरचा सुकामेव्याचा व्यापारी, माझं जुनं गिऱ्हाईक. लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. सर्व्हिस सेंटरने नवा बसवून दिला, काम चोख. पेढीवर नेऊन चालू केला तर ४८ अंक द्या! ड्राइव्ह ठणठणीत, टॅलीचा सगळा हिशेब जागच्या जागी, एक आकडा हललेला नाही. जीएसटीचं रिटर्न तोंडावर. पूर्वी असता तर मी ड्राइव्ह काढला असता, यूएसबी केसमध्ये घातला असता आणि अर्ध्या तासात डेटा हातात दिला असता. माझ्याकडे 'लॅपटॉप मेला' म्हणून येणाऱ्यांत ड्राइव्ह शाबूत आणि बाकी काहीतरी गेलेलं, असेच जास्त. त्या सगळ्यांना मी वाचवत आलो. तो धंदाच बुडाला म्हण.

भाची : मामा, रागावू नका. तुम्ही अर्ध्या तासात जे करायचात तेच चोरसुद्धा अर्ध्या तासात करायचा. स्क्रू तेच, केस तीच. ड्राइव्हला तुमचा हात आणि चोराचा हात वेगळा कसा कळणार?

मामा : माझ्यासमोर मालक उभा असतो.

भाची : ड्राइव्हला तो दिसत नाही. नव्या बोर्डावर नवी चिप, तिला या ड्राइव्हची ओळख नाही. कुणी ड्राइव्ह पळवून दुसऱ्या यंत्रात लावला तरी हुबेहूब हेच दिसेल. नुकसान काय होतं, त्याचं एक जुनं उदाहरण देते. मे २००६, अमेरिका. माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि बाहेरचा ड्राइव्ह चोरीला गेला. त्यात २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी क्रमांक. एन्क्रिप्शन नाही. पुढच्या महिन्यात सामान सापडलं, डेटा कुणी वाचला असं तपासात दिसलं नाही. तरी २००९मध्ये सरकारने दाव्यात २ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. कुलूप असतं तर एक लॅपटॉप गेला, एवढीच बातमी झाली असती. आणि लांब कशाला जायचं? तुमच्याच रस्त्यावर जुने लॅपटॉप विकायला येतात, त्यांत आधीच्या मालकाचं काय काय सापडतं ते तुम्हीच मला सांगितलंय.

मामा : सापडतं खरं. पॅनकार्ड, पासबुकं, लग्नाचे फोटो. मी पुसून देतो, पण सगळे पुसत नाहीत.

भाची : मग?

मामा : मग हे, की पट्टीचा चोर तुझ्या कुलपालाही भीत नाही. २०२४मध्ये एकाने जुन्या लॅपटॉपचं झाकण काढून, दहा डॉलरपेक्षा स्वस्त रास्पबेरी पाय पिको लावून ४३ सेकंदांत बिटलॉकरची किल्ली पकडून दाखवली. व्हिडिओ मी स्वतः पाहिलाय.

भाची : पाहिलाय तर हेही पाहिलं असेल की त्या यंत्रात टीपीएम ही वेगळी चिप होती आणि ती प्रोसेसरला किल्ली पाठवताना तारांवरून ऐकता येत होती. आता बऱ्याच यंत्रांत टीपीएम प्रोसेसरच्या पोटातच असतं, तिथे ऐकायला तारच नाही. आणि लोकलमधून बॅग उचलणारा असली हत्यारं घेऊन फिरत नाही हो. तो लॅपटॉप विकतो. विकत घेणाऱ्याला आत काही वाचता येऊ नये, एवढं काम हे कुलूप नक्की करतं.

मामा : बरं. मग माझ्या व्यापाऱ्याने काय करावं?

भाची : खात्यात जावं, की काढावी. पडद्यावर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या यादीशी जुळवायची आणि ४८ अंक टाकायचे. प्रत्येक गटाला ११ने निःशेष भाग जातो, त्यामुळे एखादा अंक चुकला की तिथल्या तिथे कळतं.

मामा : कुणाच्या खात्यात? २४एच२पासून पडद्यावर खात्याचा इशाराही येतो. व्यापारी म्हणाला, हा मेल माझा नाही. त्याच्या मुलाचाही नाही, मुनीमजींचाही नाही. अगं, आपल्याकडे लॅपटॉप कसा विकला जातो ते तुला बँकेत बसून दिसत नाही. गिऱ्हाइकाला मेलचा पासवर्ड आठवत नसतो. दुकानातला मुलगा म्हणतो, थांबा शेठ, मी करून देतो. स्वतःचा एखादा मेल टाकतो, पुढे-पुढे दाबतो, टॅली टाकतो, प्रिंटर जोडतो, पाच मिनिटांत लॅपटॉप बॅगेत. सगळे खूश. किल्ली गेली त्या मुलाच्या खात्यात, आणि मुलगा गेला नोकरी सोडून.

यावर भाची लगेच बोलली नसती, असं मी धरून चाललो आहे. या सगळ्या रचनेचा पाया एका गृहीतावर आहे : ज्याचं यंत्र त्याचं खातं. ज्या देशात माणूस एकटाच लॅपटॉप विकत घेतो, एकटाच सुरू करतो, एकटाच वापरतो, तिथे ते बऱ्याच अंशी खरं असेल. आपल्याकडे यंत्र बाबांचं, खातं पुतण्याचं, फोन नंबर आईचा आणि पासवर्ड बदललेला तो धाकटीने. घरात हे कुणाला खटकत नाही, कारण आजवर त्याने काही अडलं नव्हतं.

भाची : हा दोष एन्क्रिप्शनचा नाही. दुसऱ्याच्या नावाने खातं उघडण्याचा आहे.

मामा : वा! म्हणजे चूक शेवटी गिऱ्हाइकाचीच. मायक्रोसॉफ्टकडे किल्ली मागितली तर ते स्वच्छ सांगतात की हरवलेली की आम्ही देऊ शकत नाही, नवी करूनही देऊ शकत नाही.

भाची : देऊ शकले असते तर ते कुलूप कसलं? १२८ बिटांचा आकडा आहे, अंदाजाने सापडायचा नाही. 'बिटलॉकर तोडून देतो' म्हणून पैसे घेणाऱ्यांच्या नादी गिऱ्हाइकांना लागू देऊ नका, ते आधी सांगा. आणि बॅकअप? ड्राइव्ह जळला असता तर त्या हिशेबाचं काय झालं असतं? किल्ली हरवणं आणि ड्राइव्ह जळणं यांचा परिणाम एकच, आणि दोन्हींवर उपाय एकच. टॅलीची प्रत पेनड्राइव्हवर रोज घेता येते.

मामा : घेता येते. घेत नाहीत. पण जळलेल्या ड्राइव्हचं दुःख माणूस गिळतो गं. इथे डेटा समोर आहे, शाबूत आहे, आणि नियमाने नाही मिळत. ते गिळता येत नाही.

भाची : १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभर विंडोज यंत्रं कोसळली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण बिटलॉकर असलेल्या यंत्रांवर तिथवर जायलाच की लागत होती. ज्या कंपन्यांनी किल्ल्यांची नोंद नीट ठेवली होती, तिथे लोक फोनवर ४८ अंक वाचून दाखवत होते आणि यंत्रं उठत होती. जिथे किल्ल्यांचा सर्व्हरच पडला होता, तिथे हाल झाले. कुलूप दोन्हीकडे तेच. फरक किल्ली सांभाळण्यात.

मामा : आता तू माझ्या वाटेवर आलीस. कंपनीत किल्ल्या सांभाळायला तू आहेस, त्याचा तुला पगार आहे. मस्जिद बंदरच्या पेढीवर कोण आहे?

भाची : खातं आहे.

मामा : खातं माणूस नाही.

मला विचाराल तर भांडण इथेच मामांकडे झुकलं. कंपनीतलं कुलूप घरात आणलं, पण कंपनीत त्या कुलपामागे जो माणूस बसतो त्याची जागा घरात कुणाला दिलीच नाही. भाचीलाही हे कळत असावं, कारण तिने पुढे बचाव सोडून आडवा प्रश्न टाकला.

भाची : तुम्ही असता तर काय केलं असतं?

मामा : पहिल्याच दिवशी पडद्यावर किल्ली दाखवली असती, मोठ्या अक्षरांत. लिहून घ्या म्हटलं असतं, आणि शेवटचे सहा अंक टाकल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नसतं. ॲपल नाही का, मॅकवरचं कुलूप, ते फाइलव्हॉल्ट, चालू करताना विचारायचं, किल्ली कुठे ठेवू? खात्यात, की तुम्ही लिहून घेता?

भाची : ॲपलचं कौतुक जपून करा. त्यांच्या नव्या यंत्रांत फाइलव्हॉल्ट बंद असलं तरी डेटा बोर्डावरच्या चिपशी बांधलेला असतो. तिथे बोर्ड मेला तर कुठलीही की डेटा परत देत नाही. तुमच्या व्यापाऱ्याला निदान ४८ अंकांची आशा तरी आहे. पण हो, पडदा दाखवायला हवा होता. दहातले सहा जण त्याच लॅपटॉपवर फोटो काढून ठेवतील, तरी दाखवायला हवा होता.

मामा : मी सोय केलीय. आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपवर आधी ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडतो, 'मॅनेज-बीडीई'ने की काढतो आणि वहीत लिहून ठेवतो. गिऱ्हाइकाचं नाव, मॉडेल, ४८ अंक. बोर्डाचं काम असेल तर संरक्षण तात्पुरतं थांबवून मगच हात लावतो.

भाची : थांबवता ते उत्तम. पण वही? मामा, ती वही पहिल्यांदा फाडा!

मामा : का?

भाची : कारण शे-दोनशे लोकांच्या ड्राइव्हच्या किल्ल्या एका खणात, नावासकट! २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुम्हाला कुणी तेवढा लावणार नाही, पण वही गेली तर गिऱ्हाइकाला तोंड काय दाखवाल?

मामा : आणि मायक्रोसॉफ्टची वही? जगभरच्या किल्ल्या त्यांच्या खणात आहेतच की. ग्वाममधल्या एका फसवणुकीच्या तपासात त्यांनी एफबीआयला तीन लॅपटॉपांच्या किल्ल्या काढून दिल्या, जानेवारी २०२६मध्ये बातमी आली होती. वर्षाला अशा वीसेक मागण्या येतात, असं त्यांनीच सांगितलं. माझ्या वहीतून मी अजून कुणाला काही दिलेलं नाही.

भाची : त्यांनी वॉरंट पाहून दिलं. तरी तुमचा मुद्दा खोटा नाही. दुसऱ्याकडे असलेली किल्ली मागता येते. म्हणूनच ज्याला ते नको असेल त्याने किल्ली कागदावर घ्यावी आणि खात्यातली पुसावी. पण कागद त्याच्या घरी. तुमच्या खणात नाही.

मामा : घरी कागद ठेवणाऱ्यांनी माझं कामच उरू दिलं नसतं.

भाची : व्यापाऱ्याचं शेवटी काय झालं, ते सांगा आधी.

मामा : त्या मुलाचा माग काढला. उल्हासनगरला मोबाईलच्या दुकानात आहे आता. बिचारा आला. खातं उघडलं. आणि बघतो तर काय, एक की नाही, ही एवढी यादी! जितके लॅपटॉप त्याने लावून दिले, तितक्यांच्या किल्ल्या. डेस्कटॉप अमुक, लॅपटॉप तमुक, नुसती विंडोजने ठेवलेली नावं. की आयडी जुळवला, अंक टाकले, टॅली उघडलं.

भाची : आणि बाकीच्या किल्ल्या?

मामा : आहेत तिथेच. तो घाबरला, म्हणाला सगळ्या पुसून टाकतो. मी त्याचा हात धरला.

भाची : बरं केलंत. नाही, बरं केलंत असं तरी कसं म्हणू? त्याचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला तर—

मामा : आणि पुसल्या, तर त्यातल्या कुणाचा बोर्ड उद्या गेला तर?

भाची : त्याचा नंबर द्या मला. आधी त्या खात्याला दुहेरी पडताळणी लावू. मग यादी. किल्ली कधी चढली ती तारीख प्रत्येक नोंदीपुढे असते. त्या दुकानाच्या बिलबुकातल्या तारखांशी जुळवली तर निम्मी गिऱ्हाइकं तरी सापडतील. एकेकाला फोन करायचा, त्याची की त्याच्या हातात द्यायची, मग इथली पुसायची.

मामा : बिलबुक? अगं, त्या दुकानातला अर्धा माल बिलाशिवाय जातो.